पाच वॅट आणि दोन चाके

फेब्रुवारी १९९४ मध्ये होलांदा चक्रीवादळ आपल्या बेटावरून गेले, तेव्हा मी शाळेत शिकत होतो. वाकवातील आमच्या घराचे पत्रे टिकले, पण विजेचे खांब आडवे झाले आणि टेलिफोन मुका झाला. आजी कास्काव्हेलला एकटीच होती. वारा पडताच वडिलांनी सायकल काढली. रस्त्यावर आडव्या पडलेल्या फांद्या ओलांडीत, कुठे सायकल खांद्यावर घेत ते गेले आणि संध्याकाळी परत येऊन दारातूनच ओरडले, "आई बरी आहे!" दहा-बारा किलोमीटरवरची तीन शब्दांची बातमी, पण ती घरी यायला अख्खा दिवस लागला. त्या दिवशी सायकल हाच आमचा टेलिफोन होता.

पुढे शिक्षक झाल्यावर मी हौशी रेडिओचा परवाना घेतला, त्याच्या मुळाशी तो दिवस आहे. आज माझ्या सायकलच्या मागच्या पिशवीत एक संपूर्ण बिनतारी केंद्र मावते. त्याची ही हकिकत.

हौशी रेडिओ म्हणजे गाणी ऐकण्याचा रेडिओ नव्हे. यात आपण ऐकतो तसेच बोलतोही. आवाजाने किंवा मोर्सच्या लघु-दीर्घ संकेतांनी. जगातील प्रत्येक केंद्राला स्वतंत्र नाव असते आणि त्याच्या पहिल्या अक्षरांवरून देश कळतो. भारताची बहुतेक केंद्रे 'व्ही-यू'ने सुरू होतात, मॉरिशसची 'थ्री-बी-एट'ने, तर रॉड्रिग्जची 'थ्री-बी-नाइन'ने. आपले बेट लहान आणि येथील केंद्रे थोडी, म्हणून 'थ्री-बी-एट' ऐकू आले की परदेशातील मंडळी कान टवकारतात. लहान असण्याचा असाही एक फायदा!

घरच्या केंद्राची शक्ती सामान्यतः १०० वॅट असते. सायकलवर ती झेपत नाही, कारण तेवढी मोठी बॅटरी कोण वाहणार? म्हणून मोर्ससाठी ५ वॅटपर्यंतच शक्ती वापरण्याची एक पद्धत जगभर रूढ आहे. ५ वॅट म्हणजे एखाद्या छोट्या दिव्याइतकी वीज. एवढ्याने काय होणार, असे कोणालाही वाटेल. पण गणित पाहा. शक्ती २० पटींनी कमी केली, तरी ऐकणाऱ्याच्या यंत्रावरील काटा दोन-सव्वादोन घरेच खाली येतो. आवाज बारीक होतो, पण नाहीसा होत नाही. मोर्सचा संकेत तर फार अरुंद जागेत मावतो, त्यामुळे गोंगाटातही कानाला सापडतो.

सायकलवर रेडिओ नेणारा मी काही पहिला नव्हे. १९८३ मध्ये स्टीव्हन रॉबर्ट्स नावाचा अमेरिकन लेखक ओहायो राज्यातील कोलंबसहून झोपून चालवायच्या सायकलवर निघाला. बरोबर हौशी रेडिओ, छोटा संगणक आणि सौरपट्ट्या होत्या. पुढे त्याने बांधलेल्या तिसऱ्या सायकलचे वजन २६० किलोच्या वर गेले! आज माझे यंत्र, बॅटरी, मोर्सची चावी आणि तारा मिळून दोन किलोही भरत नाहीत. १२ व्होल्ट, ३ ॲम्पिअर-तासांची लिथियम बॅटरी मला दिवसभर पुरते.

गेल्या हिवाळ्यातील एका शनिवारी वाकवाहून तामारें, रिव्हिएर न्वार, काझ न्वायाल असे करीत मी ल मोर्नच्या किनाऱ्यावर पोहोचलो. हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. गुलामगिरीतून पळालेल्यांनी ज्या डोंगरावर आसरा घेतला, तो २००८ पासून जागतिक वारसा असलेला डोंगर पाठीशी होता आणि पुढे समुद्र. मासे धरायची लांब काठी वाळूत उभी केली, तिला पाच मीटर तार बांधली आणि आणखी चार तारा वाळूवर पसरल्या. खारे पाणी जवळ असले की उभ्या तारेला मोठे बळ मिळते.

दुपारचे चार वाजले होते, म्हणजे भारतात साडेपाच. २० मीटर पट्ट्यावर मी हाक दिली. तिसऱ्या हाकेला 'व्ही-यू'! गृहस्थ मुंबईचे निघाले. सुमारे ४,७०० किलोमीटर अंतर, आणि माझ्या संकेताला त्यांनी शेरा दिला 'पाच-पाच-नऊ', म्हणजे अक्षर न् अक्षर स्पष्ट, जोर मध्यम, सूर शुद्ध. आम्हा शिक्षकांना शेरे देण्याची सवय. मिळाल्याचा आनंद वेगळाच. शेवटी मी मोर्समध्ये 'नमस्कार' पाठवला, तसाच तो परत आला. आपले पूर्वज गलबतातून आठवडेच्या आठवडे ज्या समुद्रावर काढत आले, तो एका चिमुकल्या बॅटरीने ओलांडला.

पण खरी परीक्षा पुढे होती. माझे एक सहकारी माहेबूरला आपल्या अंगणात ४० मीटर पट्ट्यावर वाट पाहत होते. काठीवर तारेची गुंडाळी जोडून मी त्यांना हाक देऊ लागलो. अर्धा तास गेला, उत्तर नाही. मुंबई ऐकते आणि जेमतेम ४० किलोमीटरवरचे माहेबूर ऐकत नाही! बॅटरी तपासली, जोड तपासले. सगळे ठीक होते.

चूक तारेच्या उभेपणात होती. उभी तार लहरी क्षितिजाकडे सोडते. त्या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून हजारो किलोमीटर पलीकडे उतरतात, आणि जमिनीलगत जाणाऱ्या लहरी डोंगरात विरतात. मी काठी उतरवली. २० मीटर तार दोन फिलाओच्या झाडांमध्ये डोक्याच्या थोडी वर आडवी बांधली आणि मधोमध यंत्र जोडले. अशी बुटकी आडवी तार लहरी सरळ वर फेकते. त्या त्याच थरावरून कारंज्याच्या पाण्यासारख्या आपल्याच बेटावर सर्वत्र पडतात, डोंगर मध्ये असो वा नसो. पुन्हा हाक दिली आणि माहेबूर पहिल्याच हाकेला बोलले.

रात्री ला गोलेतला मावशीकडे मुक्काम होता. तेथून वडिलांना फोन केला. मुंबईची हकिकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "ते ठीक रे, पण माहेबूरला लागले का?"

वाचकहो, त्या प्रश्नातच या छंदाचे मर्म आहे. दूरची हाक कौतुकाची, जवळची गरजेची. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या पावसाने पोर लुईच्या रस्त्यांवर मोटारी वाहून गेल्या, तो दिवस आपण विसरलेलो नाही. खिशात मोबाईल आहे खरा, पण त्याच्या मनोऱ्याला वीज लागते आणि मनोऱ्याची बॅटरी काही तासांची सोबती. आडव्या तारेला मनोरा लागत नाही, आणि सायकलला पेट्रोल लागत नाही.

मात्र हे कसब वादळाच्या दिवशी शिकता येत नाही. परवाना घ्यावा लागतो, कान तयार करावा लागतो, कोणती तार कुठे बांधायची हे चुकून चुकून समजून घ्यावे लागते. त्यासाठीच या शनिवारच्या सहली. आपल्या मुलामुलींपैकी कोणाला गोडी असेल, तर आधी नुसते ऐकायला बसवा. येत्या नोव्हेंबरात वादळांचा मोसम सुरू होण्यापूर्वी मी एकदा कास्काव्हेलला जाणार आहे. आजी आता नाही, पण तिच्या अंगणात तार बांधून वाकवाला हाक द्यायची आहे. तिकडे यंत्राजवळ वडील बसणार आहेत.