रुंद टायर आणि घाटातलं पाणी

पाऊस लागला की दाभोसा धबधब्याकडे निघालेल्या काही गाड्यांची चाकं मडगार्डच्या बाहेर आलेली दिसतात, वर काळ्या प्लास्टिकची वाढीव कड बसवलेली. ‘जव्हार-मोखाड्याच्या ओल्या रस्त्यावर रुंद टायरची पकड जास्त ना?’ असं एका वाचकाने विचारलं आहे.

गाडी 1,600 किलोची धरली, तर एका चाकावर 400 किलो. हवा 30 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 2.1 किलो. भागाकार करा: रस्त्याला टेकणारं रबर ढोबळमानाने 190 चौरस सेंटिमीटर, पसरलेल्या पंजाहून थोडंसंच मोठं. या हिशेबात रुंदी येतच नाही! टायर 20 ऐवजी 25 सेंटिमीटर रुंद घेतला, तर ठसा आडवा पसरतो आणि लांबीला साडेनऊवरून साडेसात सेंटिमीटरवर येतो. कोरड्या वळणावर त्याचा फायदा खरोखर होतो. साचलेल्या पाण्यात मात्र तोच आडवा ठसा नडतो, कारण पाण्याला बाजूला सरायला अंतर जास्त आणि वेळ कमी मिळतो.

हे ज्याने मोजलं त्या वॉल्टर हॉर्नचं नाव टायरच्या दुकानात कुणी घेत नाही, आणि ते घ्यायला हवं. ओल्या धावपट्टीवर विमानं का घसरतात, हे नासाच्या लँगली केंद्रात शोधताना 1963 साली त्याने सहकाऱ्यासोबत एक सूत्र मांडलं. त्यात वजन नव्हतं, रुंदी नव्हती. फक्त हवेचा दाब. 30 पीएसआयला टायर ताशी सुमारे 91 किलोमीटरवर पाण्यावर तरंगू लागतो, 20 ला 75 वर. पुढे 1980च्या दशकात त्याने स्वतःच ठशाच्या रुंदी-लांबीचं गुणोत्तर त्यात आणलं. ठसा जितका आडवा, तितका तरंगण्याचा वेग कमी. रुंद टायर घालून वर हवा कमी ठेवणारे दोन्हीकडून मार खातात.

वाढीव कड चिखल आणि खडी अडवते, ते काम चोख. पण चाक 3 सेंटिमीटर बाहेर सरकलं की 400 किलोचा भार तेवढ्या लांब दांड्याने बेअरिंगवर येतो, तो कडेने हलका होत नाही. पुढचं एकच चाक डबक्यात गेलं, तर स्टिअरिंगही जोरात खेचलं जातं. शिवाय उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे.

तेव्हा घाट चढण्याआधी मूळ मापाच्याच टायरची नक्षी आणि हवा तपासा. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा आहे. जव्हारच्या पावसाला ती फारच थोडी.