आंबा, बिब्बा आणि कातडीची आठवण

मे महिन्यात आजोळी पडवीत आंबे उपडे ठेवलेले असत. देठ मोडलेले, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी चिकाचा थेंब साचलेला. आधी पाण्यासारखा नितळ, मग हवा लागली की तपकिरी, शेवटी काळा. "चीक जाऊ दे आधी, मग हात लावा," असं आजी दर वर्षी सांगायची. एका वर्षी मी ऐकलं नाही. रायवळ आंबा तसाच तोंडाला लावून चोखला. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओठांच्या कडांना खाज सुटली, तिसऱ्या दिवशी बारीक फोड आले. माझ्याशेजारी बसून त्याच टोपलीतले आंबे खाणारा मामेभाऊ मात्र ठणठणीत होता.

आंबा तोच, चीक तोच. मग मलाच का? या प्रश्नाने मला पुढे कितीतरी वर्षं धरून ठेवलं. त्याचं सर्वांत सुंदर उत्तर मला आंब्याच्या देशात नाही, इस्राएलमध्ये सापडलं. तिथे उन्हाळ्यात आंबे तोडायला आलेल्या काही अमेरिकन तरुणांच्या अंगावर पुरळ उठलं. त्यांच्याच खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या इस्राएली सोबत्यांना काही झालं नाही. डॉक्टरांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की या अमेरिकनांचा आपल्या देशात पॉइझन आयव्ही किंवा पॉइझन ओक या रानवनस्पतींशी आधीच संबंध आला होता, निदान त्या उगवतात अशा भागात तरी ते राहिले होते. हे निरीक्षण 2005 साली प्रसिद्ध झालं. आंब्याच्या झाडाशी त्यांची पहिलीच गाठ होती, पण त्यांच्या कातडीला ते झाड ओळखीचं वाटलं!

याचं कारण म्हणजे ही सगळी भावकी आहे. आंबा, काजू, बिब्बा, चारोळी, पिस्ता, अमेरिकेतली पॉइझन आयव्ही आणि ज्याच्या चिकाचे लेप देऊन जपानी लोक लाखेसारखी चकचकीत भांडी घडवतात ते उरुशीचं झाड, सगळी एकाच कुळातली. यांतल्या बऱ्याच जणांच्या चिकात किंवा टरफलात एकाच घडणीचे रेणू असतात: गोल डोकं आणि पंधरा-सतरा कार्बनची लांब, तेलकट शेपटी. त्या शेपटीमुळेच रेणू कातडीत सहज शिरतो. तेलात तेल मिसळावं तसा.

आत शिरल्यावर जे घडतं ते वाचून मी थक्क झाले. हा रेणू इतका लहान असतो की एकट्याने आला तर शरीराचे पहारेकरी त्याची दखलही घेत नाहीत. पण तो कातडीतल्या प्रथिनांना चिकटतो, आणि आपलंच प्रथिन परक्यासारखं दिसू लागतं. कातडीत फांद्या पसरून बसलेल्या लँगरहान्स पेशी त्याचा तुकडा उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात. (पॉल लँगरहान्सने 1868 मध्ये, विद्यार्थीदशेत, त्या पहिल्यांदा पाहिल्या. त्यांच्या फांद्या पाहून त्याला त्या मज्जापेशी वाटल्या होत्या.) ग्रंथीत टी पेशी नावाच्या पहारेकऱ्यांना तो तुकडा दाखवला जातो. आठ-पंधरा दिवसांत त्यांची एक फौज तयार होते आणि अंगभर विखुरते. बाहेरून काहीही दिसत नाही. पुढच्या वेळी चीक लागला की ही फौज जमायला एक-दोन दिवस घेते, आणि मग कातडी पेटते. माझ्या ओठांवरचा तो उशीर म्हणजे या पेशींच्या प्रवासाचा वेळ होता. आणि फोड आले याचा अर्थ असा, की त्याआधी कधीतरी मला चीक लागला होता. मी विसरले होते, कातडी विसरली नव्हती.

1906 साली व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने 'ॲलर्जी' हा शब्द घडवला तो नेमका यासाठीच. ग्रीकमधले 'वेगळं' आणि 'कार्य' हे दोन शब्द त्याने जोडले. एकदा गाठ पडल्यावर शरीराचं वागणं बदलतं, एवढंच त्याला सांगायचं होतं.

आपल्याकडे या बदललेल्या वागण्याला जुना शब्द आहे: बिब्बा उतला. बिब्ब्याला सुई टोचायची, काळा रस कपड्याच्या कोपऱ्यावर लावायचा, वर चुना फिरवायचा. झाली परटाची खूण, भट्टीत घालूनही न जाणारी. बिब्ब्याच्या शास्त्रीय नावातला 'सेमेकार्पस' हा शब्दही 'खुणेचं फळ' असंच सांगतो. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या मानेवर, बरोबर कॉलरवरची खूण टेकायची तिथे, पुरळ उठू लागलं. 1943 मध्ये अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी त्याला 'धोबी मार्क'चं नाव देऊन ते नोंदवलं. कपडा कितीदा धुतला तरी वाळलेल्या रसाची धग गेलेली नव्हती.

झिंगे किंवा शेंगदाणे खाल्ल्यावर काही मिनिटांत उठणारं पित्त हे वेगळं प्रकरण. तिथे टी पेशींऐवजी आयजीई नावाची प्रतिपिंडं काम करतात आणि हिस्टामीन क्षणात सुटतं. काजूगरानेही तसं होऊ शकतं. त्यात ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला तर घरगुती उपायात वेळ घालवू नये, लगेच दवाखाना गाठावा. तिथे जीव वाचवतं ते ॲड्रेनलिनचं इंजेक्शन.

चिकाच्या ॲलर्जीला मात्र कायमचं औषध नाही. एकदा शिकलेलं कातडी सहसा विसरत नाही. म्हणून लोक चिकालाच लांब ठेवतात. आंबा झेल्याने देठासकट उतरवतात, नंतर देठ मोडून चीक निथळू देतात, फळ धुतात. काजू सोलणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल चोपडतात. चीक लागलाच तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत साबणाने धुणं सगळ्यांत मोलाचं. खोबरेल त्यानंतर, तेही आगीला थोडा आराम म्हणून. फुटलेल्या फोडातल्या पाण्याने पुरळ पसरतं ही भीती मात्र खोटी आहे. त्या पाण्यात चीक नसतो.

हा त्रास देणारा माल बहुतेक सगळा चिकात आणि सालीत असतो, पिकल्या गरात नाहीच म्हणावा इतका कमी. त्यामुळे माझा आंबा सुटलेला नाही. मामेभाऊ साली काढतो, हात धुतो, फोडी माझ्यापुढे सरकवतो. पडवीत आंबे अजूनही उपडे ठेवलेले असतात, आणि त्याच्या मुलीला तो आजीच्याच शब्दांत सांगतो, "चीक जाऊ दे आधी."