दया नको, मैत्री हवी!

दर पौर्णिमेला विहारात वंदना होते. पंचशील म्हटले जाते, सर्वांचे मंगल व्हावे अशी कामना केली जाते आणि आपण घरी परततो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात घंटागाडी येते. गाडीवरच्या माणसाच्या हाती आपण काय देतो आणि कसे देतो, यात आदल्या दिवशीच्या वंदनेची परीक्षा असते, असे आम्हाला वाटते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यातील पहिल्या काही प्रतिज्ञा सभांमधून गाजतात. तेरावी प्रतिज्ञा मात्र प्राणिमात्रांविषयीच्या करुणेची आहे. तिच्यावर टाळ्या पडत नाहीत, कारण ती सभेत नव्हे, रोज दारात पाळायची असते.

फुटलेली काच, दाढीचे ब्लेड, वापरलेले सॅनिटरी पॅड ओल्या कचऱ्यात तसेच कोंबून आपण मोकळे होतो. घरच्या घरी कचरा वेगळा करा, असे 2016 च्या नियमांनी बजावले. पण नियम नसता तरी आपल्याला कळायला नको काय? ती काच ज्याच्या हातात घुसते तो बहुधा कंत्राटी कामगार असतो, पुष्कळदा आपल्याच वस्तीतला. त्याला आपण 'कचरेवाला' म्हणतो. खरे तर कचरेवाले आपण आहोत. तो सफाई करणारा आहे!

अतिसाराने आजारी पडून आपल्याच घाणीत लोळणाऱ्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी स्वच्छ केले. त्यांनी प्रवचन नंतर दिले, आधी पाणी आणले. मैत्री म्हणतात ती हीच. दया वरून खाली पाहते, मैत्री बरोबरीने शेजारी बसते.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावले होते की, बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता फार काळ टिकणार नाहीत. गटारात उतरून मरणाऱ्या कामगारांच्या वारसांना 10 लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले. 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. कायदा भरपाई ठरवू शकतो. दारात आलेल्या माणसाशी माणसासारखे बोलायला तो शिकवू शकत नाही. ते काम आपले आहे.

अर्थात, तांब्याभर पाणी दिले म्हणजे किमान वेतनाचा, हातमोज्यांचा, गमबुटांचा प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. गोड बोलून हक्क बुडवणारे या देशात थोडे नाहीत. हक्काची लढाई लढावीच लागेल. पण ज्याच्यासाठी लढायचे त्याचे नावही ठाऊक नसेल, तर ती लढाई कोणाची?

आपल्यातील शिकलेल्या, फ्लॅटमध्ये गेलेल्या बांधवांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्या घरात कामवाल्या ताईंचा कप वेगळा आहे काय? 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांचे आपण वारस आहोत. आपल्या ओट्यावर वेगळा कप असेल, तर तो आजच काढून टाका. काच कागदात गुंडाळून द्या, त्यावर लाल खूण करा. सफाई कामगाराचे नाव विचारा आणि त्याला नावाने 'जयभीम' घाला. धम्म याहून अवघड नाही. तो फक्त रोजचा आहे.