स्वस्तात कॉम्प्युटर जोडताय? रॅम घेताना एवढं बघाच

सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की बऱ्याच घरांत पोराच्या शिक्षणासाठी, नाहीतर गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र टाकण्यासाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरतं. त्यात जास्त फसगत होते ती रॅममध्ये. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत. कंपन्या आपला माल एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरकडे वळवतायत, त्याची झळ थेट तालुक्याच्या दुकानापर्यंत आली.

रॅम म्हणजे काय? हार्ड डिस्क हे कोठार धरा, तर रॅम हे खळं. माल साठतो कोठारात, पण काम चालतं खळ्यावर. खळं लहान असेल तर पोती आत-बाहेर करण्यातच दिवस जातो. आणि लाईट गेली की खळं रिकामं, म्हणून सेव्ह न केलेला फॉर्म जातो.

किती जीबी घ्यायची? विंडोज ११ ला कंपनी ४ जीबी पुरे म्हणते, पण तेवढ्यात क्रोममध्ये महाडीबीटी आणि सातबाराची साइट एकदम उघडून बघा! ८ जीबीच्या खाली जाऊ नका. १६ मिळाली तर चांगलंच, पण बजेट अडत असेल तर ८ जीबी रॅम आणि सोबत एसएसडी घ्या. १६ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क, यापेक्षा हे मशीन रोजच्या कामाला हलकं चालतं.

आता मुख्य गोष्ट. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या वेगवेगळ्या पिढ्या आहेत. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते, एकीची दुसरीत बसत नाही. जोर लावाल तर स्लॉट मोडेल. शहरातल्या ऑफिसांतून निघालेली चौथ्या पिढीची आय५ मशीन स्वस्तात मिळतात, त्यांना डीडीआर३ लागते. मात्र त्या प्रोसेसरला विंडोज ११ चा अधिकृत आधार नाही. एच६१० हा नवा बोर्ड तर डीडीआर४ चाही येतो आणि डीडीआर५ चाही. म्हणून आधी बोर्डाचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या, मगच रॅम मागा.

लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपला चालत नाही. सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड' रॅम फार स्वस्त दिसते, तीही साध्या बोर्डावर चालू होत नाही. 'फक्त एएमडीसाठी' लिहिलेली डीडीआर३ इंटेलच्या मशीनला घेऊ नका.

स्पीडच्या आकड्यामागे लागायची गरज नाही. आय३-१०१०० वर ३२०० ची रॅम लावली तरी ती २६६६ नेच धावते. बिघडत काही नाही, पण जादा पैसे वाया. रंगीत दिव्यांची रॅम तर सोडूनच द्या.

बोर्डाला दोनच स्लॉट असतील तर ४-४ च्या दोन घेऊन दोन्ही भरू नका. ८ ची एक घ्या, पुढच्या हंगामाला तशीच दुसरी जोडा. दोन सारख्या पट्ट्या झाल्या की डेटाची वाट दुप्पट रुंद होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक जास्त जाणवतो, कारण स्क्रीनचं कामही याच रॅममधून चालतं.

पक्कं बिल घ्या, त्यावर रॅमचा सिरीयल नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या. जुनी घेत असाल तर दुकानातच मशीन चालू करून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. किती जीबी, स्पीड किती, स्लॉट किती भरले, सगळं तिथं दिसतं. मेमटेस्ट८६ हे मोफत सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तर रॅम परत करा. परतीची बोली मात्र पैसे देण्याआधी ठरवा.

आपल्याकडं धूळ भरपूर. मशीन नुसतं बीप-बीप करून स्क्रीन काळी राहिली तर लगेच नवीन रॅम आणायला पळू नका. वायर काढा, रॅम काढून तिची सोनेरी कड खोडरबरानं हलकेच पुसा, भुसा झटका आणि टक आवाज येईपर्यंत परत बसवा.