अर्धवट पोचलेला आकडा

तारापूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याला फोन करायचा, तर दोन क्रमांक लागतात: कारखान्याचा आणि आतल्या विभागाचा. संगणकांचेही तसेच आहे. जाळ्यातील संगणकाला आयपी क्रमांक असतो, आणि त्यावर चालणाऱ्या निरनिराळ्या प्रोग्रॅमपर्यंत पोचण्यासाठी ० ते ६५५३५ यांपैकी एखादा पोर्ट क्रमांक. प्रोग्रॅम ज्या टोकातून जाळ्याशी बोलतो, त्याला 'सॉकेट' म्हणतात. ही पद्धत १९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधून प्रसारात आली. पायथनसारख्या भाषेत ती पाचसहा ओळींत वापरता येते. इंटरनेटची गरज नाही. पालघरच्या एखाद्या शाळेतला एकच संगणकही पुरतो.

दोन खिडक्या उघडून दोन प्रोग्रॅम लिहू. पहिला ऐकणारा, म्हणजे सर्व्हर. त्याच्या पायऱ्या अशा:

१. 'सॉकेट' तयार करणे.
२. 'बाइंड': १२७.०.०.१ हा पत्ता व ५००१ हा पोर्ट घेणे. या पत्त्याचा अर्थ 'हाच संगणक'.
३. 'लिसन': फोनजवळ बसणे.
४. 'ॲक्सेप्ट': फोन उचलणे. कोणी बोलावेपर्यंत प्रोग्रॅम इथे थांबून राहतो.
५. 'रिसीव्ह(१०२४)': आलेला मजकूर घेऊन पडद्यावर छापणे.

दुसरा प्रोग्रॅम बोलणारा, म्हणजे क्लायंट. तो सॉकेट तयार करतो, 'कनेक्ट'ने त्याच पत्त्याला व पोर्टला जोडला जातो आणि 'सेंडऑल'ने मजकूर पाठवतो. मात्र जाळ्यातून अक्षरे नव्हे, बाइट जातात. म्हणून मजकूर आधी 'एन्कोड' करावा लागतो. सर्व्हर आधी सुरू करावा, नाहीतर क्लायंटला जोडणी नाकारली जाते.

आता पाठवायचे काय? २०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषणकारी अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी व धुराची मोजमापे सतत, यंत्राद्वारे पाठवण्यास सांगितले. बोईसर-तारापूरच्या मुलांना सांडपाणी परिचयाचेच आहे. तेव्हा समजा, आपला क्लायंट हे असे मोजयंत्र आहे आणि तो सामू पाठवतो: ११.५. इंग्रजी अंकांत लिहिला, तर हे चार बाइट होतात. सर्व्हरवर ११.५ उमटते. सगळे ठीक दिसते.

पण आता सर्व्हरमध्ये १०२४ च्या जागी १ लिहून पाहा. पडद्यावर फक्त '१' येईल! ११.५ सामूचे पाणी अल्कधर्मी; १ सामूचे तीव्र आम्ल. हा आकडा खरा मानून कोणी त्या पाण्यात आणखी अल्क ओतले, तर?

असे का झाले? १०२४ ही जास्तीत जास्त मर्यादा आहे. 'पूर्ण निरोप आणून दे' असा तिचा अर्थ नाही. या जोडणीचा टीसीपी हा नियम बाइट योग्य क्रमाने पोचवतो, पण एक निरोप कुठे संपला हे सांगत नाही. नळीत दोन तांबे पाणी ओतले, तर दुसऱ्या टोकाला पहिला तांब्या कुठे संपला ते कळेल का? प्रत्यक्ष जाळ्यात १०२४ ठेवूनही निरोपाचा तुकडाच हाती येऊ शकतो, किंवा दोन निरोप चिकटून येतात. एकाच संगणकावर हे क्वचितच दिसते, म्हणून चूक लपून राहते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक आकड्यानंतर क्लायंटने ओळ संपल्याची खूण पाठवावी. सर्व्हरने आलेले तुकडे साठवत जावे, खूण सापडली की तिथपर्यंतचा भाग आकडा म्हणून वाचावा आणि उरलेला पुढच्यासाठी ठेवावा. 'रिसीव्ह'कडून रिकामे उत्तर आले, तर समोरच्याने फोन ठेवला असे समजावे. तोवर खूण आली नसेल, तर तो आकडा अपुरा मानून सोडून द्यावा.

वर्गात हा प्रयोग आधी चुकीच्या पद्धतीनेच करून दाखवावा. '१' कुठून आला हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे आणि मगच खुणेची गोष्ट काढावी. दोन संगणक तारेने जोडलेले असतील, तर सर्व्हरला १२७.०.०.१ ऐवजी त्याचा जाळ्यातील क्रमांक द्यावा आणि क्लायंटमध्येही तोच लिहावा.