गरोदर आईचं दूध मोठ्याला बाधतं का?

“दिवस गेलेत ना? मग आजपासून मोठ्याला अंगावर घेऊ नकोस. ते दूध आता पोटातल्याचं. मोठ्याला बाधेल.” हे वाक्य सासू म्हणते, आई म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात आणि अधूनमधून एखाद्या दवाखान्यातही ऐकू येतं. शिकलेल्या घरात ते जरा वेगळ्या शब्दांत येतं: दूध ‘खराब’ होतं, त्यात ‘हार्मोन्स’ उतरतात, एवढंच. मग उपाय सुरू होतात. स्तनाग्रांना कडुलिंबाचा पाला वाटून लावतात, कोरफडीचा गर नाही तर काळा बोळ लावतात, काही ठिकाणी मिरचीसुद्धा. तरी मूल ऐकेना तर त्याला पंधरा दिवस आजोळी पाठवतात. सव्वा-दीड वर्षाच्या मुलाचं दूध आणि आई एकाच दिवशी तुटतात.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली समजूत चुकीची आहे. गरोदर बाईचं दूध विषारी होत नाही, नासत नाही आणि मुलाला बाधतही नाही. आधीच्या महिन्यात जे दूध मुलाच्या अंगी लागत होतं, ते गर्भ राहिला म्हणून अचानक अपायकारक होईल असं शरीरात काहीही घडत नाही. गरोदरपणातले हार्मोन दुधात अतिशय थोड्या प्रमाणात उतरतात, आणि त्यांनी मुलाला इजा झाल्याचं कुठेही दिसलेलं नाही.

बदल होतात, पण ते वेगळेच. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून बहुतेक जणींचं दूध कमी होतं. त्यातली साखर घटते, मीठ वाढतं, म्हणून चव थोडी खारट लागते. शेवटच्या महिन्यांत त्याचा पुन्हा चीक होऊ लागतो. चव बदलली म्हणून बरीच मुलं आपणहून पिणं सोडतात. काहींना फरक पडत नाही, ती पीत राहतात. चिकामुळे एखाद्या मुलाला पातळ शी होते. ‘बाधलं’ म्हणून बोट दाखवलं जातं ते बहुधा याच शीकडे. मूल खेळतंय, खातंय, लघवी नीट होतेय, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता या समजुतीच्या बाजूनं एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ती हवेतून आलेली नाही. हजार वर्षांहून जुन्या ‘माधवनिदान’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात बालरोगांमध्ये ‘पारिगर्भिक’ नावाचा विकार दिला आहे. गरोदर आईचं दूध पिणाऱ्या मुलाला तो होतो असं तिथे म्हटलं आहे आणि लक्षणं सांगितली आहेत ती अशी: खोकला, मंदावलेली भूक, उलट्या, सुस्ती, रोडावलेलं अंग आणि मोठं झालेलं पोट. पाठचं भावंड येऊ घातलेलं आणि थोरलं सुकत चाललेलं हे दृश्य त्या वैद्यांनी पाहिलं होतं, आपल्या आज्या-पणज्यांनीही पाहिलं होतं. दिसलं ते खरंच होतं. चुकलं ते कारण.

खरं कारण काय असतं ते आफ्रिकेतल्या एका नोंदीत फार स्वच्छ दिसतं. जमैकात जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स १९३०च्या दशकात गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करत होत्या. त्यांच्याकडे एक ते चार वर्षांची मुलं येत. हातपाय सुजलेले, कातडी काळवंडून सोलवटलेली, केसांचा रंग उतरलेला, मूल सतत किरकिरं. १९३३ साली त्यांनी या आजाराचं वर्णन छापलं आणि १९३५ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचं स्थानिक नाव जगापुढे मांडलं: क्वाशिओरकोर. तिथल्या बायकांना हा आजार ओळखीचा होता. पुढचं मूल आलं की बाजूला पडलेल्या थोरल्याला तो होतो, हे त्या जाणून होत्या. विल्यम्स यांनी ती मुलं काय खातात ते पाहिलं. दूध तुटल्यावर त्यांच्या पोटात मक्याच्या पातळ पेजेपलीकडे फारसं काही जात नव्हतं. मुलं आईच्या दुधानं आजारी पडत नव्हती. ते दूध गेलं आणि त्याच्या जागी तोलामोलाचं काही आलं नाही, म्हणून पडत होती.

आपल्याकडे मक्याच्या पेजेची जागा वरणाचं पाणी घेतं. वाटीत वरची निवळ काढायची, त्यात चार शितं कुस्करायची, मूल दोन चमचे खाऊन तोंड फिरवतं, आणि मग चहात बुडवलेलं बिस्कीट. दीड वर्षाच्या मुलाच्या दिवसाचं हे जेवण असेल तर त्याला गरोदर आईच्या दुधाची बाधा शोधायची गरजच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एक ते दोन वर्षांच्या मुलाला लागणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे एक तृतीयांश आईच्या दुधातून मिळू शकतात. दूध चालू असतानाही वरच्या अन्नातून रोज साधारण ५५० उष्मांक हवेत. दूध एका झटक्यात तोडलं की तो तिसरा हिस्सा त्याच दिवशी जातो. त्यातून आई समोर नाही, घर बदललेलं, म्हणून मूल आहे तेही खात नाही. पंधरा दिवसांनी आजोळहून परतलेलं मूल वाळलेलं दिसतं आणि घरात म्हणतात, “बघ, बाधलंच होतं त्याला.” हे ऐकून चीड येते. ज्या उपायानं मूल वाळलं त्यालाच तिथे शहाणपणाचं श्रेय मिळतं.

मग करायचं काय? गर्भारपणात दूध कमी होणार हे धरून चालायचं आणि थोरल्याच्या ताटाकडे लक्ष वळवायचं. त्याला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाऊ हवा. वरण घट्ट, चमचा आडवा केला तरी ओघळणार नाही इतकं. त्यावर चमचाभर तूप किंवा तेल, कारण एवढ्याशा पोटात थोड्या घासांतच उष्मांक जायला हवेत. चालत असेल तर रोज अंडं. शेंगदाण्याचं बारीक कूट, नाचणीची खीर, मऊ खिचडी, मऊ शिजवलेली पालेभाजी. वरचं दूध वाटीतून किंवा पेल्यातून द्यावं, बाटलीनं नाही, आणि तेही बेतानं. दिवसभर दुधावरच राहणारं मूल जेवत नाही आणि त्याचं रक्तही कमी होतं. अंगणवाडीत मूल आणि गरोदर आई या दोघांच्याही नावानं आहार मिळतो, तो मागून घ्यावा. दर महिन्याला वजन करावं. अंगणवाडीतली दंडाची पट्टी साडेबारा सेंटिमीटरच्या खाली गेली तर ते कुपोषण आहे, साडेअकराच्या खाली गेली तर तीव्र कुपोषण. अशा वेळी दृष्ट काढत बसू नये. मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्यावं.

थोरलं सहा महिन्यांच्या आतलं असेल तर गोष्ट वेगळी. ते सर्वस्वी आईच्या दुधावर असतं आणि दूध घटलं तर त्याला दुसरा आधार नसतो. इथे बालरोगतज्ज्ञांना विचारून वजनावर बारीक नजर ठेवावी लागते. सहा महिने ते एक वर्ष या वयातही तेवढंच सावध राहावं.

दुसरी भीती पोटातल्या बाळाची. “अंगावर पाजलंस तर पिशवी आकसेल, पडून जाईल.” यात अर्धं सत्य आहे, म्हणून ही भीती जास्त चिवट. मूल प्यायला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं आणि ऑक्सिटोसिननं गर्भाशय आकुंचन पावतं, हे खरं. पण त्या ऑक्सिटोसिनला प्रतिसाद देणारी ग्राहकं गर्भाशयात बहुतांश गरोदरपणात फार थोडी असतात. त्यांची संख्या खऱ्या अर्थानं वाढते ती दिवस भरत आल्यावर. म्हणून पाजताना पोट जरा कडक झाल्यासारखं वाटलं तरी ते थांबतं आणि कळा सुरू होत नाहीत. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१७ साली उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. निरोगी गरोदरपणात अंगावर पाजल्यानं गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं वाढल्याचं त्यांना आढळलं नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या आकडेवारीवरच्या एका अभ्यासात वेगळी गोष्ट दिसली. ज्यांचं मूल फक्त आईच्याच दुधावर होतं, अशा गरोदर बायांमध्ये गर्भपाताचं प्रमाण जास्त निघालं. ज्यांचं मूल वरचं अन्नही खात होतं त्यांच्यात तसा फरक दिसला नाही. दीड-दोन वर्षांचं मूल या दुसऱ्या गटात मोडतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ फॅमिली फिजिशियन्सचंही म्हणणं हेच आहे: गरोदरपण नीट चाललं असेल आणि आईची तब्येत चांगली असेल तर पाजत राहायचं की नाही हा तिचा स्वतःचा निर्णय.

पाजणं थांबवायला सांगावं असे प्रसंगही आहेत आणि ते लपवून चालणार नाही. अंगावरून रक्त जाणं, आधीचं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालेलं असणं, गर्भाशयाचं तोंड सैल असणं, जुळी, वार खाली असणं. यापैकी काही असेल तर आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. “मी अजून मोठ्याला पाजते” हे त्यांना सांगितल्याशिवाय ते नेमका सल्ला देऊ शकत नाहीत. घरच्यांच्या धाकानं हे वाक्य तपासणीच्या खोलीत बोललंच जात नाही, याचा मला फार राग येतो.

खरी ओढाताण कुणाची होत असेल तर ती आईची. पोटातलं बाळ आणि अंगावर पिणारं मूल दोन्ही तिच्याच साठ्यातून घेतात. ग्वाटेमालातल्या अभ्यासांत दिसलं की गरोदरपण आणि पाजणं एकत्र आलं की आईच्या अंगावरची चरबी घटते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे गरोदरपणात रोज ३५० उष्मांक जास्त लागतात, पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत ६००. दोन्ही चालू असणाऱ्या बाईला सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायला लावणं हा अन्याय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायांचं रक्त कमी निघालं, हे ध्यानात घेतलं तर भाकरीचा पहिला तुकडा कुणाच्या ताटात पडायला हवा ते कळतं.

आणि तिला थांबावंसं वाटलं तर? गरोदरपणात स्तनाग्रं हुळहुळी होतात, पाजताना जीव नकोसा होतो, झोप पुरत नाही. तिनं थांबायचं ठरवलं तर तेही योग्यच, त्याबद्दल तिला कुणी बोलू नये. फक्त एकेक वेळ कमी करत, महिना-दीड महिन्यात थांबावं. आधी दुपारचं, शेवटी झोपतानाचं. झटक्यानं तोडलं तर स्तनात गाठी होतात, ताप येतो. आणि कडुलिंब-मिरची लावून ज्या कुशीत मूल शांत व्हायचं त्याच कुशीत त्याला फसवल्यासारखं होतं.

बाकीच्या समजुती थोडक्यात.

“बाळ झाल्यावर मोठ्यानं चीक प्यायला तर धाकट्याला उरणार नाही.” दूध जेवढं ओढलं जातं तेवढं तयार होतं. पहिल्या काही दिवसांत प्रत्येक वेळी आधी धाकट्याला पाजावं, मग थोरल्याला, एवढं पाळलं की पुरतं.

“मोठ्याला उचलू नकोस.” अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१३ साली सुचवलेल्या मर्यादेनुसार निरोगी गरोदर बाईनं अधूनमधून, अंगाशी धरून, पहिल्या वीस आठवड्यांत सुमारे १६ किलो आणि नंतर सुमारे १२ किलोपर्यंत वजन उचलायला हरकत नाही. दोन वर्षांचं मूल साधारण साडेअकरा-बारा किलोचं असतं. उकिडवं बसून उचलावं, कमरेत वाकून नाही. सातव्या-आठव्या महिन्यात बसून मांडीवर घेणं उत्तम.

“आई गरोदर आहे, मोठ्याची गोवर-रुबेलाची लस पुढे ढकला.” उलट ती वेळेवर द्या. लस घेतलेल्या मुलापासून गरोदर आईला धोका नाही. मुलाला खरा रुबेला झाला तर मात्र पोटातल्या बाळाला आहे.

“भाऊ होणार की बहीण ते मोठं मूल सांगतं.” दोन वर्षांचं मूल शेवटी ऐकलेला शब्द परत म्हणतं. त्याला रोज ‘भाऊच हवा’ असं वदवून घेणं थांबवा.

“लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं.” होत नाही, शी काळी होते, ती आईची. रोज एक याप्रमाणे १८० दिवस घ्यायच्या आहेत. पण घरात रांगतं-चालतं मूल असेल तर त्या साखरेचा थर असलेल्या लाल गोळ्या त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच जागी, बंद डब्यात ठेवा. लहान मुलानं त्या मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी उलटीची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

“अंगावर पाजतेय तोवर दिवस जात नाहीत.” पुष्कळ घरांत धाकट्याची चाहूल याच समजुतीमुळे अवेळी लागलेली असते. हे संरक्षण तीन अटी एकत्र पाळल्या तरच मिळतं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी अजून आलेली नाही आणि बाळाला जवळजवळ फक्त अंगावरचंच दूध. यातली एक अट मोडली की भरवसा संपतो, आणि पाळी परत येण्याआधीही दिवस जाऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाईपर्यंत किमान २४ महिन्यांचं अंतर सुचवते. दुसऱ्या खेपेला दवाखान्यातून घरी जाण्याआधीच हे विचारून घ्यावं: तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, ‘छाया’ गोळ्या पाजतानाही चालतात, आणि ‘अंतरा’ इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर घेता येतं. सरकारी दवाखान्यात तिन्ही मोफत मिळतात.