पहिलाच पाइप बरोबर यावा म्हणून

पाइप वाकवून सोडला की तो थोडा मागे येतो. साध्या लोखंडाचा कमी, स्टेनलेसचा जास्त. वर्कशॉपमध्ये याला स्प्रिंगबॅक म्हणतात. काटकोन हवा असेल तर 92 अंशांवर थांबायचं की 94 वर, हे जुन्या ऑपरेटरच्या हाताला ठाऊक असतं. लहान लॉटच्या ऑटोमेशनचा खरा प्रश्न हाताच्या या जाणकारीचाच आहे.

25 मिमी व्यासाचा पाइप 50 मिमी त्रिज्येत काटकोनात वळवला, तर त्या वळणाची लांबी मध्यरेषेवर साडेअठ्ठ्याहत्तर मिमी भरते. बाहेरच्या कडेला तीच 98 आणि आतल्या कडेला अवघी 59! म्हणजे बाहेरची भिंत ताणून पातळ होते, आतली दाटून सुरकुतते आणि गोल पाइप चपटा होऊ पाहतो. म्हणून पाइपच्या पोटात मँड्रेल घालतात आणि वळणाच्या आतल्या बाजूला वायपर लावतात. डाय, क्लॅम्प, मँड्रेल, वायपर हे सगळं जुळवणं म्हणजे सेटिंग.

समजा, सेटिंगला एक तास लागला. हजार नगांचा लॉट असेल तर प्रत्येक नगावर 3.6 सेकंदांचाच भार पडतो. वीस नग असतील तर तीन मिनिटांचा. त्यात पहिले तीन पाइप भंगारात गेले, तर मालाचा जवळपास सातवा हिस्सा तिथेच संपला. म्हणून छोट्या कारखान्याने मशीन किती वेगाने वाकवतं याआधी पहिला नग बरोबर येतो का, हे विचारावं.

सीएनसी बेंडरला प्रत्येक वाकासाठी तीन आकडे लागतात: पाइप किती पुढे सरकवायचा, स्वतःभोवती किती फिरवायचा आणि किती वाकवायचा. शेवटच्या आकड्यात स्प्रिंगबॅक धरावाच लागतो, कारण एका अंशाची चूक अर्ध्या मीटरच्या टोकाला जवळपास 9 मिमी दिसते. मग वेल्डरला पाइप ओढूनताणून फिक्स्चरमध्ये बसवावा लागतो. यावर सोपा उपाय आहे. त्याच मालाच्या तुकड्यावर एक लहान आणि एक मोठा वाक द्यायचा, दोन्ही मोजायचे. मधल्या कोनांची दुरुस्ती त्यावरून बऱ्यापैकी काढता येते. पाइपचा नवा लॉट आला की पुन्हा मोजायचं.

ड्रॉइंग करणाऱ्यानेही हातभार लावायला हवा. एका व्यासाला शक्यतो एकच त्रिज्या ठेवली, तर डाय बदलावीच लागत नाही.

आणि मशीन घेण्याआधी एक वही घ्यावी. माल, व्यास, जाडी, डाय, दिलेला कोन, मिळालेला कोन, एवढंच रोज लिहावं. ऑपरेटर निवृत्त झाला की त्याचा हात त्याच्यासोबत जातो, वही मात्र मागे राहते. उद्या सीएनसी आलंच, तर त्यात भरायचे आकडे त्या वहीतूनच निघतील.